दिवस मोजणारा देश : १९७९-८१ ची अमेरिका

सांजदिवे

जिमी कार्टर २९ डिसेंबर २०२४ ला गेले, शंभरी पुरी करून. त्या दिवशी आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘माणूस देव, अध्यक्ष कच्चा’ अशा छापाचे निरोप फिरत होते. मीही एक अंगठा दाखवून मोकळा झालो. मग वाटलं, कच्चा म्हणजे नेमका कुठे कच्चा? तेव्हापासून सवड मिळेल तसं इराणमधल्या अमेरिकी ओलिसांच्या त्या ४४४ दिवसांबद्दल वाचतोय. जे हाती लागलं ते इथे टाकतो. चुकलं असेल तिथे कान पकडा.

आधी थोडक्यात. ४ नोव्हेंबर १९७९, रविवार. तेहरानमधल्या अमेरिकी वकिलातीच्या आवारात विद्यार्थ्यांचा जमाव घुसला आणि ६६ जण ताब्यात घेतले. निमित्त होतं क्रांतीनंतर परागंदा झालेल्या इराणच्या राजाचं, शाहचं. त्याला कॅन्सरच्या उपचारांसाठी २२ ऑक्टोबरला न्यू यॉर्कमध्ये येऊ दिलं होतं. अमेरिकेतल्या सामान्य माणसाला वाटलं, आजाऱ्याला दवाखान्यात घेतलं तर एवढं काय बिघडलं? इराण्यांना आठवलं १९५३. तेव्हाही शाह पळाला होता, आणि सीआयएने पंतप्रधान मोसादेघ यांचं सरकार उलथवून त्याला परत आणून बसवलं होतं. एकाच बातमीच्या मागे दोन देशांच्या दोन वेगळ्या आठवणी. त्यातली दुसरी आठवण अमेरिकेत फारशी कुणाला नव्हतीच.

त्यातल्या महिला आणि कृष्णवर्णीय मिळून १३ जणांना पंधरवड्यात सोडलं, एका आजाऱ्याला पुढच्या जुलैत. उरले ५२.

आता माझा मुद्दा. या प्रकरणाने कार्टर यांना बुडवलं असं सगळे म्हणतात. मला वाटतं, त्यांना बुडवलं ते मोजदादीने. ८ नोव्हेंबरपासून एबीसी वाहिनीने रात्री साडेअकराला एक खास कार्यक्रम सुरू केला. त्याचं नावच ‘अमेरिका ओलीस’ अशा अर्थाचं, आणि पडद्यावर दिवसाचा आकडा. वकिलातीतली माणसं ओलीस होती, पण शीर्षकात अख्खी अमेरिका. त्या वेळेला लोक जॉनी कार्सनचे विनोद ऐकत झोपायचे. आता दिवस किती झाले ते ऐकून झोपायला लागले. बातमी असो वा नसो, आकडा रोज एकाने वाढणारच! टेड कॉपेलचा ‘नाइटलाइन’ मार्च १९८० मध्ये यातूनच जन्मला. पुढे वॉल्टर क्रॉन्काइटही सीबीएसवर बातम्या संपवताना दिवसाचा आकडा सांगायला लागले, आणि क्रॉन्काइट म्हणजे तिथल्या घराघरातलं वडीलधारं माणूस. आपल्याकडे सुतकाचे दिवस मोजतात ते तेराव्याला संपतात. यांचं तेरावं कधी ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

ओलिसांमध्ये सर्वात वरिष्ठ होते ब्रूस लेंगन. त्यांच्या पत्नीने डिसेंबरमध्ये मेरीलँडमधल्या आपल्या अंगणातल्या ओकच्या झाडाला पिवळी फीत बांधली. वाट पाहण्याची ही खूण १९७३ च्या एका गाजलेल्या गाण्यातली, आणि गाण्यातला नायक सुटून आलेला कैदी! बघता बघता गावोगावच्या झाडांना, खांबांना, मोटारींच्या एरियलना पिवळ्या फिती लागल्या. करण्यासारखं काही नसलं की माणूस झाडाला काहीतरी बांधतो. वडाला दोरे गुंडाळणाऱ्या आपल्या बायकांना हे समजावून सांगायला नको.

सरकारही यात उतरलं. १९७९ च्या नाताळात व्हाइट हाउससमोरच्या राष्ट्रीय वृक्षावरचा फक्त शेंड्याचा तारा लावला, बाकी झाड काळोखात. पुढच्या वर्षी ४१७ सेकंदांसाठी दिवे लावले, दिवसाला एक सेकंद. हिशेब बघा: ज्या आकड्याने अध्यक्षांची रोज शोभा होत होती, तोच आकडा अध्यक्षांनी स्वतः झाडावर टांगला.

सुरुवातीला हे सगळं त्यांच्या पथ्यावर पडलं, हे विसरायला नको. संकटात लोक अध्यक्षाभोवती गोळा होतात. महिन्याभरात त्यांची लोकप्रियता जवळजवळ दुप्पट झाली. पक्षातूनच टेड केनेडी त्यांना आव्हान देत होते, आणि योगायोग असा की ४ नोव्हेंबरच्याच रात्री सीबीएसवर केनेडींची मुलाखत लागली. ‘तुम्हाला अध्यक्ष का व्हायचंय?’ या साध्या प्रश्नावर गडी जो चाचपडला तो चाचपडलाच. कार्टर यांनी जाहीर केलं की ओलीस सुटेपर्यंत मी प्रचाराला बाहेर पडणार नाही. आयोवातल्या वादसभेलाही गेले नाहीत, आणि तरी जिंकले. पण या शपथेचा अर्थ असा झाला की अध्यक्षही घरातच अडकले. तेहरानमध्ये ५२ आणि वॉशिंग्टनमध्ये त्रेपन्नावा.

मग १ एप्रिल १९८०. विस्कॉन्सिनमध्ये पक्षांतर्गत मतदान, आणि सकाळी सात-सव्वासातला अध्यक्ष पत्रकारांसमोर: ओलिसांबाबत सकारात्मक पाऊल पडतंय. मतदान जिंकलं, पाऊल काही पडलं नाही. तारीखही काय निवडली! मला वाटतं तिथून लोकांच्या मनातून माणूस उतरायला लागला. संकटाचा प्रामाणिक राखणदार म्हणून त्याची ओळख होती, तीच गेली.

२४-२५ एप्रिलला वाळवंटातली सुटकेची मोहीम फसली. आठ हेलिकॉप्टरं निघाली, किमान सहा लागणार होती, पाचच धड राहिली. मोहीम सोडून परतताना एक हेलिकॉप्टर विमानावर आदळलं आणि आठ जवान गेले. परराष्ट्रमंत्री सायरस व्हॅन्स यांचा मोहिमेलाच विरोध होता, त्यांनी राजीनामा दिला. यावर लिहायला स्वतंत्र धागा लागेल.

आणि शेवटी दैव असं की निवडणुकीचा दिवस ४ नोव्हेंबर १९८०, म्हणजे बरोबर वर्षश्राद्ध. आदल्या संध्याकाळी वाहिन्यांवर वर्षभराची उजळणी. रेगन ४८९, कार्टर ४९.

---

कोरडा_हिशेब

लेख वाचनीय, निष्कर्षाशी असहमत.

टीव्ही, फिती, झाडं हे सगळं ठीक. १९८० मध्ये अमेरिकेत महागाई साडेतेरा टक्के होती. डिसेंबरात बँकांचा मूळ व्याजदर साडेएकवीसवर गेला. अशा वर्षी तेहरानमध्ये एकही माणूस अडकला नसता तरी सत्तेतला माणूस पडलाच असता. रेगन यांनी २८ ऑक्टोबरच्या क्लीव्हलँडच्या वादसभेत मतदारांना काय विचारलं? चार वर्षांपूर्वीपेक्षा तुमचं बरं चाललंय का? इराणचा प्रश्न नव्हताच तो, वाण्याच्या बिलाचा होता.

गंमत अशी की महागाईचं कंबरडं मोडणारे पॉल व्होल्कर कार्टर यांनीच ऑगस्ट १९७९ मध्ये फेडरल रिझर्व्हच्या, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या, प्रमुखपदी नेमले. औषध यांनी दिलं, कडू तोंड यांच्या कारकिर्दीत झालं आणि गुण रेगन यांना आला.

---

सांजदिवे

कोरडा_हिशेब, महागाई मी लपवत नाहीये. पण महागाई तर जूनमध्येही होती. तरी शेवटच्या आठवड्यापर्यंत सामना बराच अटीतटीचा होता. रविवारी, २ नोव्हेंबरला, इराणच्या संसदेने सुटकेच्या अटी ठरवल्या आणि कार्टर (प्रचाराला न जाण्याची शपथ तोवर सुटली होती) शिकागोतला प्रचार टाकून पहाटे व्हाइट हाउसला धावले. लोकांना क्षणभर आशा, मग पुन्हा तेच. त्या दोन दिवसांत काठावरची मतं घसरली. बिल रोजचंच होतं, त्या रविवारी आकडा डोळ्यांसमोर आला.

---

एडिसनकर_आजोबा

धागा उघडला आणि जुनी ट्रंक उघडल्यासारखं झालं. मी १९७६ साली पंधरा वर्षांचा असताना आई-वडिलांबरोबर न्यू जर्सीत आलो. त्यामुळे हे सगळं वाचून नव्हे, राहून माहीत आहे.

तुम्ही नोव्हेंबरपासून सुरू केलंत. आमच्यासाठी ते जूनपासून सुरू झालं. इराणमध्ये क्रांती झाली, तेल आटलं आणि पंपावर रांगा लागल्या. सम-विषम आलं : नंबरप्लेटचा शेवटचा आकडा विषम तर विषम तारखेलाच पेट्रोल. (इथे त्याला गॅस म्हणतात. आई पहिलं वर्षभर ‘गॅस भरायला गेलेत’ ऐकून सिलिंडरच समजायची.) आमची गाडी समाची, शेजारच्या सरदारजींची विषमाची. दोघं एकमेकांच्या गाडीतून कामावर जायचे. शनिवारी पहाटे रांग लावायची, तर आई डब्यात पोहे आणि थर्मासमध्ये चहा द्यायची. मागच्या गाडीतल्या गोऱ्या आजीला एकदा पोहे दिले. तिने कागदाच्या कपातून खाल्ले आणि पुढच्या शनिवारी ती स्वतः विचारत आली.

गॅलन एक डॉलरच्या वर गेलं तेव्हा जुन्या पंपांची पंचाईत झाली. त्यांच्या चक्रांवर ९९.९ सेंटच्या पुढचा आकडाच नव्हता. मग निम्मा भाव लावायचे आणि शेवटी दुप्पट करून पैसे घ्यायचे. यंत्र बनवणाऱ्याच्या कल्पनेतही एवढा भाव नव्हता! त्या उन्हाळ्यात ऑफिसांना हुकूम झाला की एसी ७८ अंश फॅरनहाइटच्या खाली न्यायचा नाही, थंडीत हीटर ६५ च्या वर न्यायचा नाही. वडील ऑफिसात स्वेटर घालून बसायचे आणि म्हणायचे, आपण पुण्यात काय वेगळं करत होतो?

१५ जुलैचं कार्टर यांचं टीव्हीवरचं भाषण आम्ही सगळ्यांनी बसून ऐकलं. आत्मविश्वास हरवलाय, वस्तूंच्या मागे लागून मनाची पोकळी भरत नाही, असं काहीसं. वडिलांना फार आवडलं, अगदी कीर्तन ऐकल्यासारखं. पुढच्या दोन-तीन दिवसांत कार्टर यांनी अख्ख्या मंत्रिमंडळाकडून राजीनामे मागवले आणि भाषण वाहून गेलं. देशाला उपवास सांगणारा पुढारी लोकांना दोन दिवस आवडतो.

आता नोव्हेंबर. आमचा रंग आणि वडिलांची भरघोस मिशी. एका पंपावर एका ट्रकवाल्याने वडिलांना ‘इराणी, चालते व्हा’ म्हणून दम दिला. वडिलांनी ‘मी इंडियन’ सांगितलं तर तो म्हणाला, तेच ते. घरी आल्यावर आई म्हणाली, मिशी काढा. काढली. धाकटी बहीण चार वर्षांची होती, ती दोन दिवस त्यांच्याजवळ जाईना. माझ्या वर्गात खरोखरचा एक इराणी मुलगा होता. त्याच्या भावाला इमिग्रेशनकडे हजेरी द्यावी लागली. सगळ्याच इराणी विद्यार्थ्यांना हुकूम होता तसा. तो मुलगा विचारणाऱ्याला ‘पर्शियन’ म्हणून सांगायला लागला. बऱ्याच जणांना पर्शियन म्हणजे मांजर नाहीतर गालिचा, इराणशी संबंध लागायचा नाही.

आणि जुलै १९८० मध्ये पोस्टात जाऊन सैन्याच्या यादीसाठी नाव नोंदवलं मी. अफगाणिस्तानात रशिया घुसल्यावर कार्टर यांनी ती नोंदणी परत सुरू केली होती, १९६० आणि नंतर जन्मलेल्या मुलांसाठी. ग्रीन कार्डवाल्यांनाही सूट नव्हती. मत द्यायचा हक्क नाही, पण बंदुकीच्या यादीत नाव हवं. आईने परत आल्यावर देवापुढे साखर ठेवली. कशाबद्दल, ते तिलाही सांगता आलं नाही.

---

विक्रोळीकर

आजोबा, दंडवत. स्वतंत्र लेख होऊ द्या.

अवांतर : कार्टर यांच्या आई, मिस लिलियन, वयाच्या ६८ व्या वर्षी पीस कॉर्प्स या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक संस्थेतून १९६६ ते ६८ आमच्या विक्रोळीत होत्या. गोदरेजच्या वसाहतीत दवाखान्यात काम करायच्या. मुलगा अध्यक्ष झाला तेव्हा आमच्या वाडीतल्या आज्या ‘आपल्या बाईंचा जिमी’ म्हणायच्या म्हणे. खरंखोटं देव जाणे, मी ऐकीव सांगतोय.

---

नाक्यावरचा_बाबू

त्यांचा एक भाऊ पण होता ना, बियरवाला? बिली. लिबियाकडून २ लाख २० हजार डॉलर घेतले म्हणून ऐन १९८० च्या उन्हाळ्यात सिनेटने चौकशी लावली. घरचा आहेर म्हणतात तो हाच. सांजदिवे, मोजदादीत हेही धरा.

---

वाकडी_वाट

बाकी सगळं सोडून हॉकीवर कुणीच कसं बोलत नाही?

२२ फेब्रुवारी १९८०, लेक प्लॅसिडचं हिवाळी ऑलिम्पिक. कॉलेजातल्या पोरांच्या अमेरिकी संघाने सोव्हिएत संघाला ४-३ ने हरवलं. बर्फावरचं हॉकी, आपलं नव्हे. ‘यूएसए, यूएसए’ ही आज कुठल्याही सभेत ऐकू येणारी आरोळी तेव्हा घराघरांत पोचली. सामना झाला संध्याकाळी पाचला आणि देशाने तो पाहिला रात्री, ध्वनिचित्रफितीवर. निकाल लागून गेला होता तरी लोक ‘आत्ता’ जिंकल्यासारखे नाचले. चार महिन्यांत पहिल्यांदा पडद्यावर अमेरिकेच्या हारीचा सोडून दुसरा आकडा आला.

रेगन यांनी हाच आनंद उचलला. त्यांच्या १९८० च्या प्रचाराची घोषणा होती ‘चला, अमेरिकेला पुन्हा महान करू या’. टोप्या तेवढ्या नंतर आल्या.

आणि आपल्यासाठी : त्याच अफगाणिस्तानच्या रागातून कार्टर यांनी मॉस्को ऑलिम्पिकवर बहिष्कार घातला. भारत गेला. पश्चिम जर्मनी, हॉलंड, पाकिस्तान कुणीच नव्हतं, आणि आपण स्पेनला ४-३ ने हरवून सुवर्ण आणलं. पुरुष हॉकीतलं आपलं आजवरचं ते शेवटचं सुवर्ण. तोच ४-३! एका अर्थी कार्टर यांचे आभारच मानायला हवेत.

---

अणुरेणू

भारतावर आलाच आहात तर तारापूर राहू नये. हा धाग्याच्या विषयातलाच भाग आहे, अवांतर म्हणून हाकलू नका.

तारापूरच्या दोन अणुभट्ट्या अमेरिकी बनावटीच्या, १९६९ पासून चालू, आणि इंधनही करारानुसार अमेरिकेतूनच यायचं. १९७४ च्या पोखरणनंतर तिथली संसद बिथरली, आणि १९७८ मध्ये कायदाच केला की सगळ्या अणुप्रकल्पांची तपासणी करू न देणाऱ्याला इंधन नाही. जानेवारी १९७८ मध्ये कार्टर दिल्लीत होते. मोरारजींशी बोलणी झाल्यावर माइक चालू आहे हे लक्षात न येता ते व्हॅन्स यांना म्हणाले की परतल्यावर यांना एक थंड आणि अगदी रोखठोक पत्र लिहायला हवं. जगाने ऐकलं.

हाच माणूस जून १९८० मध्ये तारापूरला ३८ टन इंधन द्यायला तयार झाला! का? मधल्या काळात इराण हातचं गेलं होतं आणि अफगाणिस्तानात रशिया होता. भारताला आणखी दूर ढकलणं परवडणारं नव्हतं. खालच्या सभागृहाने सप्टेंबरात मोठ्या बहुमताने नकार दिला. सिनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६ असं दोन मतांवर ते वाचलं. तत्त्वाचा पक्का म्हणून ओळखला जाणारा अध्यक्ष संकटात तत्त्वाला कुठे मुरड घालतो, ते बघायचं असेल तर बोईसर स्टेशनला उतरा. (पुढे पुन्हा अडलंच. १९८२ मध्ये इंदिराबाई आणि रेगन यांच्यात तोड निघाली आणि इंधन फ्रान्सकडून आलं.)

---

नाक्यावरचा_बाबू

बरं मग तो ‘ऑक्टोबरचा डाव’? रेगनच्या माणसांनीच इराणला सांगितलं होतं ना, निवडणुकीपर्यंत सोडू नका म्हणून? सगळं ठरवून होतं. रेगनचा शपथविधी झाला आणि मिनिटांत ओलिसांचं विमान उडालं, एवढा योगायोग कुठे असतो का?

---

कोरडा_हिशेब

बाबू, १९९३ मध्ये संसदेच्या समितीने यावर चौकशी करून विश्वासार्ह पुरावा नाही असा निष्कर्ष काढला. २०२३ मध्ये टेक्सासचे राजकारणी बेन बार्न्स यांनी न्यू यॉर्क टाइम्सला सांगितलं की १९८० च्या उन्हाळ्यात तिथले माजी गव्हर्नर जॉन कॉनली यांच्याबरोबर आपण मध्यपूर्वेत फिरलो, आणि रेगन तुम्हाला बरा सौदा देतील हा निरोप इराणपर्यंत पोचावा असा कॉनली यांचा प्रयत्न होता. रेगन यांना ते ठाऊक होतं का, इराणने त्यावर काही केलं का, हे त्यातून सिद्ध होत नाही. संशय ठेवा, ‘सगळं ठरवून’ म्हणू नका.

उशिराचं साधं कारणही आहे. इराणचे सर्वोच्च नेते खोमेनी यांना कार्टर यांना शेवटच्या मिनिटापर्यंत झुलवायचं होतं. आणि करार कार्टर यांचाच होता. अल्जीरियाच्या मध्यस्थीने १९ जानेवारीला झाला, अमेरिकेने गोठवलेल्या इराणच्या पैशातले सुमारे आठ अब्ज डॉलर हलले. रेगन यांनी फक्त बातमी दिली.

---

नाक्यावरचा_बाबू

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

वाकडी_वाट

सुटून आल्यावरचं पण लिहा कुणीतरी. ३० जानेवारी १९८१ ला न्यू यॉर्कमध्ये कागदी फितींचा पाऊस पाडत मिरवणूक काढली ओलिसांची. व्हिएतनाममधून परतलेले जवान ते टीव्हीवर बघत होते. त्यांना कुणी असं मिरवलं नव्हतं. न्यू यॉर्कला त्यांच्या मिरवणुकीची आठवण व्हायला १९८५ उजाडलं. कैदेत बसून आलेल्यांचं स्वागत सोपं असतं, त्यांना कुणी प्रश्न विचारत नाही. पिवळ्या फितीही मग १९९१ च्या आखाती युद्धात पेटीतून परत निघाल्या, आता सैनिकांसाठी.

---

सांजदिवे

अणुरेणू, तारापूरचं मला अजिबात माहीत नव्हतं, आभार. कोरडा_हिशेब, तुमचं अर्धं मान्य. व्याजदराशिवाय निकाल एवढा एकतर्फी लागला नसता.

आजोबा, एक विचारू का? मिशीचं पुढे काय झालं?

---

एडिसनकर_आजोबा

२० जानेवारीला दुपारी टीव्हीवर सांगितलं की विमान इराणबाहेर पडलं. त्या रात्री अंधारातलं नाताळचं झाड अखेर पूर्ण लावलं. आमच्या गल्लीत एकजण पिवळी फीत सोडवत होता. वर्षभराच्या पावसाने ती पांढरी पडली होती, आणि गाठ काही सुटेना. शेवटी कात्री आणली.

वडिलांनी मिशी परत ठेवायला घेतली होती. आठ-दहा दिवसांनी आरशात बघून म्हणाले, सगळी पांढरी येतेय, राहू दे. आणि काढून टाकली.